दुसऱ्या वर्षातला हा विषय काढू नका

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाची फेररचना निघाली की हल्ली एक सूचना हमखास पुढे येते. कॉम्प्युटर शाखेच्या दुसऱ्या वर्षाला ‘डेटा स्ट्रक्चर्स अँड अल्गोरिदम्स’ या विषयाला एवढे तास कशाला? तो ऐच्छिक करा, नाहीतर चार आठवड्यांच्या एखाद्या मॉड्यूलमध्ये गुंडाळा, आणि मोकळ्या झालेल्या वेळात मुलांना वेब डेव्हलपमेंट, क्लाउड, एआयची साधनं शिकवा. असं सांगणारे लोक अजाण नाहीत. कंपनीत निम्मं आयुष्य घालवलेले माजी विद्यार्थी त्यांत असतात, उद्योगाचे प्रतिनिधी म्हणून अभ्यासमंडळावर आलेली अनुभवी माणसं असतात, आणि आता आमच्यातलेच काही तरुण प्राध्यापकही असतात. मुलांना नोकरी मिळावी हीच त्यांची तळमळ आहे. म्हणूनच त्यांना नुसता विरोध करून भागणार नाही, सविस्तर उत्तर द्यायला हवं. मी हा विषय शिकवतो. तो काढला तर नेमकं काय हातचं जाईल, हे मला दर आठवड्याला प्रयोगशाळेत दिसतं.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा: “एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एकदाही लिंक्ड लिस्ट लिहिली नाही. एव्हीएल ट्रीची रोटेशन्स तर परीक्षेनंतर आठवलीसुद्धा नाहीत.” हे खरं आहे, आणि ते तसंच असायला हवं. जावा, पायथन, सी प्लस प्लस यांच्या लायब्ररीत अशा बहुतेक रचना तयार मिळतात आणि वर्षानुवर्षं वापरून घासूनपुसून निघालेल्या असतात. कामाच्या ठिकाणी कुणी स्वतःची लिंक्ड लिस्ट लिहायला बसला तर वरिष्ठानं त्याला थांबवावं. मग वर्गात आपण ती का लिहून घेतो? कारण ती लिहिताना मुलाला दोन सवयी लागतात. एक, प्रोग्राम चालवण्याआधी त्याचा खर्च सांगायचा. आज हजार नोंदी आहेत, उद्या दहा लाख झाल्या, तर वेळ हजारपट होईल, दहा लाखपट होईल, की जेमतेम दुप्पट? दुसरी, प्रोग्राम बरोबर का आहे हे न चालवता सांगायचं. या सवयी इतक्या लहान उदाहरणांतून, वीस-पंचवीस ओळींच्या कोडमधून लावता येतील असा दुसरा विषय आमच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात मला तरी दिसत नाही. वेब डेव्हलपमेंटमध्ये चूक शोधायची तर मध्ये ब्राउझर, सर्व्हर, फ्रेमवर्क, नेटवर्क असं सगळं उभं असतं. मुलगा गोंधळून जातो आणि शेवटी काहीतरी बदलून, पुन्हा चालवून, चाललं की पुढे जातो.

ही सवय नसली की काय होतं, याचं एक उदाहरण साऱ्या जगासमोर घडलं. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या खेळाची ऑनलाइन आवृत्ती २०१३ मध्ये आली. ती सुरू व्हायला कित्येकांच्या संगणकावर पाच-सहा मिनिटं लागायची. लोक वर्षानुवर्षं नेटवर्कला, सर्व्हरला, आपल्या जुन्या मशीनला दोष देत राहिले. २०२१ च्या सुरुवातीला एका खेळाडूनं, मूळ सोर्स कोड हाताशी नसताना, मशीन कोड उलगडून कारण शोधलं. खेळ सुरू होताना सुमारे १० एमबीची एक जेसन फाइल वाचली जात होती आणि तिच्यात खेळात विकत घेता येणाऱ्या ६३ हजार वस्तूंची यादी होती. फाइलमधला एकेक तुकडा वाचणारं फंक्शन दर खेपेला उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी नव्यानं मोजत होतं. त्यावर कडी म्हणजे, वाचलेली वस्तू आधी नोंदलेली आहे का हे पाहण्यासाठी तोवरची सगळी यादी पहिल्यापासून चाळली जात होती. ६३ हजार वस्तूंसाठी अशा तुलना होतात सुमारे १९८ कोटी. त्या खेळाडूनं लांबी एकदाच मोजून जपून ठेवली, यादी चाळण्याचं काम वगळलं, आणि सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. कंपनीनं दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला १० हजार डॉलर बक्षीस दिलं.

यात कुणालाही रेड-ब्लॅक ट्री लिहावं लागलं नाही. लूपच्या आत लूप दडलेला आहे आणि ॲरेच्या जागी हॅश टेबल हवं होतं, एवढं ओळखायचं होतं. लाखो लोक रोज वापरत असलेल्या खेळात ते वर्षानुवर्षं ओळखलं गेलं नाही. फाइलमध्ये काहीशे वस्तू असतील तोवर हा दोष कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, सगळ्या चाचण्या पास होतात. यादी वाढत जाते तसा तो वाढतो, आणि वेळ यादीच्या लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतोय हे ज्याला माहीत नाही तो नवं मशीन मागत बसतो. म्हणून “मी लिंक्ड लिस्ट कधी लिहिली नाही” या वाक्यानं काहीच सिद्ध होत नाही. विचारायचं ते असं, की किती वेळा तुमचा प्रोग्राम लहान डेटावर चालला आणि खऱ्या डेटावर बसला?

होमब्रूचं उदाहरणही या वादात नेहमी येतं. मॅकवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी जगभर वापरलं जाणारं हे साधन मॅक्स हॉवेल यांनी लिहिलं. आपलं सॉफ्टवेअर गूगलचे बहुतेक इंजिनिअर वापरतात, तरी फळ्यावर बायनरी ट्री उलटं करता आलं नाही म्हणून गूगलनं आपल्याला नाकारलं, असं त्यांनी २०१५ मध्ये ट्विटरवर लिहिलं, आणि तेव्हापासून ते ट्वीट या विषयाविरुद्धचा पुरावा म्हणून दाखवलं जातं. मुलाखत चुकीची असू शकते. फळ्यावर, अनोळखी माणसांसमोर, घड्याळ लावून घेतलेल्या परीक्षेत चांगली माणसं सुटतात हे मला मान्य आहे. पण होमब्रू करतं काय हे तरी पाहा. एखादं पॅकेज बसवायचं तर ते कोणकोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे, ती पुन्हा कशावर, आणि सगळी कोणत्या क्रमानं बसवली म्हणजे काही अडणार नाही, हे ठरवणं पॅकेज मॅनेजरच्या कामाच्या गाभ्याशी आहे. वर्गात आम्ही याला ग्राफ म्हणतो आणि तो क्रम लावण्याला टोपोलॉजिकल सॉर्ट. त्या ट्वीटवरून मुलाखतीची पद्धत बदला असं म्हणता येईल. विषय काढा असं त्यातून मुळीच निघत नाही.

“लायब्ररी आहे ना” हा आक्षेप जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण तो तर्काला धरून वाटतो. गाडी चालवणाऱ्याला इंजिन बांधता यावं लागत नाही, मग हॅशमॅप वापरणाऱ्याला हॅशिंग कशाला, असं विचारलं जातं. माझ्या प्रयोगशाळेत जवळपास दर वर्षी घडणारी एक गोष्ट सांगतो. जावामध्ये मिनी प्रोजेक्ट चाललेला असतो. विद्यार्थिनीनं विभाग आणि रोल नंबर मिळून एक क्लास केलेला असतो आणि त्याची ऑब्जेक्ट्स हॅशमॅपची की म्हणून वापरलेली असतात. दोन ऑब्जेक्ट्स सारखी कधी मानायची हे ठरवणारी ‘इक्वल्स’ मेथड तिनं नीट लिहिलेली असते, ‘हॅशकोड’ मात्र राहिलेली असते. मग ती हाक मारते, “सर, मॅपमध्ये टाकलंय, प्रिंट केलं तर दिसतंयही, पण शोधायला गेलं की नल येतंय.” ज्या मुलानं दुसऱ्या वर्षात स्वतःच्या हातानं हॅश टेबल लिहिलंय त्याला मी एवढंच विचारतो, “टेबल आधी काय बघतं?” तो क्षणभर थांबतो आणि सांगतो की आधी हॅशवरून बकेट ठरते, तुलना त्यानंतर. बकेटच वेगळी निघाली तर तुलनेची वेळच येणार नाही. मग दोन ओळींत काम होतं. ज्यानं ते टेबल कधी लिहिलं नाही तो इंटरनेटवरून ‘हॅशकोड’ आणून चिकटवतो, प्रोग्राम चालतो, आणि पुढच्या प्रोजेक्टमध्ये तो पुन्हा तिथंच येऊन अडकतो.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनाही यातून सुटका मिळालेली नाही. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दोन संशोधकांनी दाखवून दिलं की मुद्दाम एकाच बकेटमध्ये जातील अशा की निवडून पाठवल्या तर पीएचपी, जावा, पायथन, रुबी यांवर चालणारे सर्व्हर मोजक्या डेटात गुदमरवता येतात. सगळ्या नोंदी एका बकेटमध्ये आल्या की हॅश टेबलची लिंक्ड लिस्ट होते आणि एकेक शोध सगळी साखळी चाळू लागतो. हॅशिंगचा सर्वांत वाईट प्रसंग म्हणून आम्ही फळ्यावर जे लिहितो, ते शस्त्र म्हणून वापरलं गेलं. २०१४ च्या जावा ८ मध्ये यावर जो उपाय आला तो मुलांना मी आवर्जून दाखवतो. एका बकेटमध्ये आठापेक्षा जास्त नोंदी साठल्या आणि टेबल पुरेसं मोठं असलं, की हॅशमॅप त्या बकेटमधली साखळी मोडून तिचं रेड-ब्लॅक ट्री, म्हणजे एक बॅलन्स्ड ट्री, करतो. “हे कुठं वापरतात, सर?” असं बॅलन्स्ड ट्रीबद्दल विचारणाऱ्या मुलाच्या हातात ते उत्तर आधीपासूनच असतं. त्यानं सकाळी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ते चालत असतं.

आता एआयकडे येतो, कारण आज सगळा भर तिथं आहे. साधनं कोड लिहितात आणि बऱ्याचदा चांगला लिहितात, यात मला शंका नाही. क्विकसॉर्ट लिहून दे म्हटलं तर ते काही सेकंदांत समोर येतं. म्हणून क्विकसॉर्ट पाठ करून कागदावर उतरवण्याला आता काही अर्थ उरलेला नाही, हे म्हणणं मी जसंच्या तसं स्वीकारतो. पण काय मागायचं हे कुणी ठरवायचं? रेल्वेची प्रतीक्षा यादी घ्या. वरवर ती क्यू आहे, पहिला आला तो पहिला. मग मधलाच कुणी तिकीट रद्द करतो आणि त्याच्यामागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात. प्रत्येक प्रवाशाला विचारायचं असतं, “माझ्यापुढे आता किती जण?” साध्या क्यूला हा प्रश्न कळतच नाही. ॲरेमध्ये मधली नोंद काढली की मागचे सगळे सरकवावे लागतात. लिंक्ड लिस्टमध्ये काढणं सोपं, पण पुढे किती जण आहेत हे मोजायला सुरुवातीपासून चालत यावं लागतं. हॅश टेबल प्रवासी पटकन शोधून देईल, क्रमाबद्दल मात्र काहीच सांगणार नाही. प्रत्येक गाठीपाशी खालच्या नोंदींची संख्या जपणारं बॅलन्स्ड ट्री हे सगळं करतं. आणि यादी एका गाडीची, दोनशे जणांची असेल तर एवढा खटाटोप व्यर्थ आहे, साधा ॲरे पुरतो. हा निवाडा ज्याला करता येतो त्याला साधन हवं ते लिहून देईल. ज्याला करता येत नाही त्याला ते क्यू लिहून देईल, कारण त्यानं क्यूच मागितली असेल.

आणि लिहून आलेलं बरोबर आहे हे कुणी ठरवायचं? इथं बायनरी सर्चचा इतिहास मला नेहमी सांगावासा वाटतो. क्रमानं लावलेल्या यादीच्या मध्यावर पाहायचं, मग अर्धी यादी सोडून द्यायची, यापेक्षा सोपी कल्पना आमच्या विषयात नाही. तरी १९४६ मध्ये पहिली बायनरी सर्च प्रसिद्ध झाल्यानंतर कोणत्याही लांबीच्या यादीवर बिनचूक चालणारी छापून यायला १९६० उजाडलं, अशी नोंद डोनाल्ड कनूथ यांनी केली आहे. जॉन बेंटली यांनी बेल लॅब्ज आणि आयबीएममधल्या व्यावसायिक प्रोग्रामरना भरपूर वेळ देऊन ती लिहायला लावली, तेव्हा बहुतेकांना आपल्याच प्रोग्राममध्ये चुका सापडल्या. आणि बेंटलींनी आपल्या पुस्तकात बरोबर असल्याचं सिद्ध करून दिलेल्या प्रोग्राममध्येही एक चूक उरलीच होती. त्यांच्याच वर्गात बसलेले जोशुआ ब्लॉक यांनी ती २००६ मध्ये जाहीरपणे दाखवली. ब्लॉक यांनी स्वतः जावाच्या लायब्ररीसाठी लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये तीच चूक सुमारे नऊ वर्षं होती. मध्य काढण्यासाठी आपण डावं टोक आणि उजवं टोक यांची बेरीज करून दोननं भागतो. यादी फार मोठी असली की ही बेरीजच इंटिजरमध्ये मावत नाही आणि ऋण होते.

जावाच्या बत्तीस बिटांच्या इंटिजरला हे घडायला शंभर कोटींहून मोठा ॲरे लागतो, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही. पण काही प्रयोगशाळांत अजून असलेल्या निळ्या पडद्याच्या टर्बो सीमध्ये इंटिजर दोन बाइटांचा असतो, जास्तीत जास्त ३२,७६७. तिथं वीस हजार संख्यांचा ॲरे घ्या आणि १८ हजाराव्या जागेवरची संख्या शोधायला सांगा. पहिला मध्य ९,९९९. डावं टोक १०,००० होतं, पुढचा मध्य १४,९९९. आता डावं टोक १५,००० आणि उजवं १९,९९९, बेरीज ३४,९९९. ती मावत नाही, उणे ३०,५३७ होते, आणि मध्य येतो उणे १५,२६८. प्रोग्राम ॲरेच्या बाहेरची मेमरी वाचतो. तिसऱ्याच पावलाला. शंभर संख्यांवर, हजार संख्यांवर हाच प्रोग्राम नेहमी बरोबर उत्तर देतो. मी मुलांना ही आकडेमोड कागदावर करायला लावतो आणि मगच मशीनला हात लावू देतो. मग कुणीतरी आपणहून सांगतं की दोन टोकांमधलं अंतर काढून त्याचं अर्धं डाव्या टोकात मिळवावं, म्हणजे बेरीज कधी मर्यादेबाहेर जाणार नाही. ज्या मुलीनं हे एकदा हातानं केलंय ती साधनानं लिहिलेला कोड वाचताना बेरजेपाशी थांबते. थांबायचं कुठं हे तिला कुणी सांगावं लागत नाही. कोड लिहिण्याचं काम मशीनकडे जितकं जाईल तितकं हे थांबणं जास्त लागणार आहे, आणि ते शिकवणारा विषय आपण नेमका आत्ता काढायला निघालो आहोत.

नोकरीच्या तयारीचा प्रश्न उरतो. पुष्कळ कॉलेजांत आज हा विषय दोनदा शिकवला जातो, एकदा वेळापत्रकात आणि एकदा प्लेसमेंट ट्रेनिंगमध्ये. ट्रेनिंगमध्ये सोडवायच्या प्रश्नांची यादी असते, प्रत्येक प्रश्नाचा ‘पॅटर्न’ ठरलेला असतो. म्हणून काही जण म्हणतात, वेळापत्रकातला काढा, तेवढं ट्रेनिंग पुरे. त्या यादीतून सराव होतो आणि सरावाला मी कमी लेखत नाही. पण तिथल्या प्रत्येक प्रश्नावर तो कशाचा आहे याचं लेबल आधीच लावलेलं असतं. ‘स्लायडिंग विंडो’ या शीर्षकाखालचे दहा प्रश्न सोडवलेला मुलगा अकराव्याला स्लायडिंग विंडो लावतो. खेळाच्या त्या फाइलवर कसलंही लेबल नव्हतं.

आणि ऐच्छिक केला तर तो निवडेल कोण? ज्या घरात मोठा भाऊ किंवा मावशी सॉफ्टवेअरमध्ये आहे त्या मुलाला आधीच बजावलेलं असतं की हा विषय सोडू नकोस. ज्याच्या घरात अभियांत्रिकीला जाणारा तोच पहिला, तो नाव बघून निवडणार. ‘फुल स्टॅक’ आणि ‘जनरेटिव्ह एआय’ यांच्या शेजारी ‘डेटा स्ट्रक्चर्स’ त्याला जुनाट वाटणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. अंतिम वर्षाला कंपनीच्या पहिल्याच फेरीत हे प्रश्न आले की तो हजारो रुपये भरून बाहेरचा कोर्स लावणार, नाहीतर तेवढे पैसे नाहीत म्हणून गप्प बसणार. सक्तीच्या विषयानं निदान दोघांना एका बाकावर बसवलं आहे.

आता त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो ते क्वचित मांडतात, म्हणून मीच मांडतो. हा विषय आज ज्या रीतीनं शिकवला जातो त्यातून वर सांगितलेलं फार थोडं हाती लागतं. प्रात्यक्षिकांची यादी डझनाच्या पुढे असते. प्रत्येकाचा राइट-अप, त्यात उद्देश, थिअरी, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, निष्कर्ष. सबमिशनच्या आठवड्यात एकाचा कोड व्हॉट्सॲपवरून साऱ्या वर्गात फिरतो, व्हेरिएबलची नावं बदलली जातात, जर्नल भरतं, सही होते. परीक्षेला आलेले एक्स्टर्नल विचारतात, “स्टॅकची व्याख्या सांगा, उपयोग सांगा.” मुलगा सांगतो. लेखी पेपरात एव्हीएल ट्रीची आकृती काढायची असते, तिचा सराव क्लासमध्ये झालेला असतो. असं शिकून गेलेला माणूस पुढे म्हणणारच की या विषयाचा मला काही उपयोग झाला नाही. त्याचा अनुभव खरा आहे. पण जर्नलपद्धत गणितालाही अशीच मारते, नेटवर्क्सलाही मारते, आणि उद्या क्लाउडच्या विषयालाही मारेल. विषय बदलला तरी सही घेण्याची रांग तीच राहणार.

एका गोष्टीबद्दल तर मला अभ्यासमंडळावर रागच आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांच्या प्रवेशफेऱ्या सत्र सुरू झाल्यावरही चालू राहतात. ही मुलं वर्गात येतात तेव्हा ॲरे, रिकर्शन, कधीकधी लिंक्ड लिस्टही होऊन गेलेली असते. हातानं काम करण्याची सवय त्यांना इतरांपेक्षा जास्त असते. कित्येकदा वर्गातली सर्वांत मेहनती मुलं हीच असतात. पण पाया घालण्याचे आठवडे त्यांच्या वाट्याला आलेलेच नसतात, आणि वर मागची प्रात्यक्षिकंही भरून द्यायची असतात. ती कॉपी करतात, कारण दुसरा मार्ग आम्ही ठेवलेला नाही. हा विषय चार आठवड्यांचा केला तर यांतल्या अनेकांच्या वाट्याला त्याचा एकही तास येणार नाही. फेररचना करायचीच तर इथून करा. या मुलांसाठी पहिले आठवडे पुन्हा घ्या, त्याचा कार्यभार शिक्षकाच्या वेळापत्रकात अधिकृतपणे धरा, आणि त्यांच्याकडून मागची प्रात्यक्षिकं मागू नका.

बाकीचं काम आहे त्या सामग्रीत होण्यासारखं आहे. पुणे विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाच्या यादीत सर्क्युलर क्यूचं एक प्रात्यक्षिक होतं: पिझ्झा पार्लर ठरावीक संख्येपर्यंत ऑर्डर घेतं, आधी आलेली आधी पुरी करतं. प्रात्यक्षिक उत्तम आहे. त्याच्या तोंडी परीक्षेत व्याख्या विचारू नका. एवढंच विचारा: “फ्रंट आणि रिअर एकाच जागी आले. क्यू रिकामी आहे की भरलेली?” ज्यानं स्वतः लिहिलंय त्याची या जागी झटापट झालेली असते. त्यानं एक जागा मोकळी सोडली असेल, मोजणारं व्हेरिएबल ठेवलं असेल, नाहीतर उणे एकची खूण केली असेल, आणि त्यानं जे केलं ते तो का केलं यासकट सांगतो. ज्यानं उतरवलंय तो पहिल्याच वाक्याला थांबतो. हे मराठीत सांगू द्या. इंग्रजीत “सर, बेसिकली” म्हणून अडकलेली मुलगी मराठीत विचारलं की फळ्याजवळ जाऊन आकृती काढून सगळं उलगडून दाखवते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. तिला विषय येत होता आणि आपण तिचे गुण कापत होतो.

सॉर्टिंगच्या प्रात्यक्षिकातही कोड तपासण्यात वेळ घालवू नका. हजार, दहा हजार आणि एक लाख संख्यांवर बबल सॉर्ट आणि मर्ज सॉर्ट चालवायला सांगा, पण त्याआधी प्रत्येकाला किती वेळ लागेल याचा अंदाज लिहून घ्या. एक लाखावर बबल सॉर्टच्या तुलना ५०० कोटींच्या घरात जातात, मर्ज सॉर्टच्या सतरा लाखांच्या आत राहतात. पडद्याकडे बघत ताटकळलेला मुलगा शेजारच्या मशीनवर तेच काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपलेलं पाहतो. त्याचा लिहिलेला अंदाज समोर असतो. तो का चुकला हे त्यालाच सांगू द्या.

यावर सहकारी म्हणतात, वेळ कुठून आणायचा? हिशोब सोपा आहे. बॅच वीसच्या आसपास मुलांची, प्रॅक्टिकल दोन तासांचं. प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायचं तर १०० मिनिटं लागतात. म्हणजे एका प्रात्यक्षिकाला दोन आठवडे द्यावे लागतील, पहिला लिहिण्याचा, दुसरा बोलण्याचा. सत्रात मग डझनभर प्रात्यक्षिकं होणार नाहीत, सहा होतील. सहाच ठेवा. जर्नलमधली थिअरी आणि फ्लोचार्ट काढून टाका, त्यांच्या जागी दोन पानं पुरेत: अंदाज काय होता, मोजल्यावर काय आलं, फरक का पडला.

पुढच्या बैठकीसाठी मी लेखी प्रस्ताव दिला आहे. त्यात तासांची संख्या आहे तीच आहे, प्रात्यक्षिकं निम्मी आहेत, आणि सत्राच्या उत्तरार्धात एआयच्या साधनांना प्रयोगशाळेत उघड परवानगी आहे. प्रात्यक्षिक परीक्षेचा नमुना प्रश्नही सोबत जोडला आहे. विद्यार्थ्याला साधनाकडून लिहून घेतलेला, चालणारा एक प्रोग्राम द्यायचा. तासाभरात त्यानं असा इनपुट शोधायचा की ज्यावर तो चुकीचं उत्तर देईल किंवा असह्य हळू चालेल. मग परीक्षकासमोर बसून, त्याला येत असेल त्या भाषेत, तसं का होतं ते सांगायचं. ज्यांना हा विषय काढायचा आहे त्यांनी बैठकीला येताना तो प्रश्न स्वतः सोडवून यावं, एवढी माझी त्यांना विनंती आहे.